जाताना सोळा तास, येताना चौदा: अंतर तेच, मग वेळ वेगळा का?

मावशी २०२४ च्या मे महिन्यात पहिल्यांदा अमेरिकेला गेली. मुलीचं बाळंतपण होतं, मुक्काम न्यू जर्सीत. सांगलीहून मुंबई आणि मुंबईहून थेट न्यूयॉर्क. विमानात झोप लागेना, म्हणून ती समोरच्या छोट्या पडद्यावरचा नकाशा बघत बसली. परत आल्यावर तिने पर्समधून बोर्डिंग पास काढून माझ्यासमोर ठेवला. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात तीन प्रश्न लिहिलेले होते. अमेरिका पश्चिमेला, मग विमान उत्तरेकडे कशाला नेलं? जाताना सोळा तास लागले, येताना चौदा, हे कसं? आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते, तर त्याचा विमानाला काहीच उपयोग का होत नाही?

वर्षभराने, २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि त्याची मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. तिकिटांवरचे तास वाढले, काही विमानं वाटेत इंधनासाठी थांबू लागली आणि मावशीचेच प्रश्न घराघरांत विचारले जाऊ लागले. तिचा तो बोर्डिंग पास समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

अंतर म्हणजे नक्की कुठलं अंतर?

मावशीला उत्तर द्यायला मी भाच्याचा पृथ्वीगोल आणि शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि मावशीला म्हटलं, आता दोरा ताण. सैल दोरा आधी अरबस्तानावरून, आफ्रिकेच्या उत्तरेवरून गेला होता. ताणला तसा तो आपोआप वर सरकत गेला आणि रशिया, नॉर्वे, आइसलंड असा जाऊन बसला. मावशीने दोनदा सैल सोडून पुन्हा ताणला. दोन्ही वेळा तो तिथेच गेला.

गोलावर दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट ही अशी असते. शाळेच्या भूगोलात विषुववृत्ताला बृहद्‌वृत्त म्हणतात, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन सारखे भाग करणारं वर्तुळ. असं वर्तुळ कुठल्याही दोन गावांमधून काढता येतं आणि विमानाची जवळची वाट त्याचाच तुकडा असते. मुंबई–न्यूयॉर्कसाठी ही वाट कच्छ, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान अशी चढत जाते, जवळजवळ मॉस्कोवरून जाते, मग फिनलंड, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि तिथून कॅनडात उतरत न्यूयॉर्कला पोचते. लांबी सुमारे १२,५४० किलोमीटर.

गोंधळ होतो तो भिंतीवरच्या नकाशामुळे. तो बहुधा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये तो काढला जहाजांसाठी: नकाशावर सरळ रेघ मारायची आणि होकायंत्राचा एकच कोन धरून जायचं. त्यासाठी त्याने ध्रुवांकडचा भाग ताणून मोठा केला. म्हणूनच त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. त्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीने रेघ मारा. ती अरबी समुद्र, सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्को आणि अटलांटिक अशी जाते. दिसायला ती सरळ, पण मोजली तर सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. म्हणजे दीड हजारांहून जास्त किलोमीटरचा वळसा, जो नकाशावर वळसा वाटतच नाही.

मावशीचं विमान उत्तरेला गेलं ते जवळच्या वाटेने जायचं म्हणून.

मग १२,५४० ला विमानाच्या वेगाने भागलं की झालं?

सुरुवात तिथूनच होते. मोठी प्रवासी विमानं जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर ताशी सुमारे ९०० किलोमीटरने उडतात. आवाजाच्या त्या उंचीवरच्या वेगाच्या हा साधारण ८५ टक्के. त्याहून वेगात गेलं तर हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन फार खर्च होतं. आवाजाहून वेगाने प्रवासी नेणारं काँकॉर्ड २००३ मध्ये थांबलं, त्यामागे खर्चाचं हे गणितही होतं.

१२,५४० भागिले ९००, म्हणजे १४ तास. पण मावशीला जाताना लागले सोळा. हे दोन तास कुठून आले?

वरची वाहती नदी

विमानाचा ९०० चा वेग हा हवेच्या मानाने असतो, जमिनीच्या मानाने नाही. सगळं कोडं या एका वाक्यात आहे.

विमानतळावर सामान घेऊन चालताना सरकता पट्टा लागतो. त्यावर नेहमीच्या चालीने चाललो तरी बाजूने चालणाऱ्याच्या पुढे जातो. तोच पट्टा उलट्या दिशेने चढलो तर पाय तितकेच चालतात, पण पुढे सरकतो कमी. विमानासाठी हवा म्हणजे असा पट्टा आहे, आणि तो स्थिर नाही.

आपल्या डोक्यावर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, भारताच्या उत्तर भागापासून युरोप-अमेरिकेपर्यंतच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे प्रवाह वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. काहीशे किलोमीटर रुंद, हजारो किलोमीटर लांब आणि नागमोडी, नदीसारखेच. वेग ताशी शंभर-दीडशे किलोमीटर तर सहज, हिवाळ्यात कधी तीनशेच्याही पुढे. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातला फरक जितका मोठा, तितका हा प्रवाह जोरात. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत अमेरिकेला जायला आणखी वेळ लागतो आणि परत येणं आणखी लवकर होतं.

या वाऱ्याचा शोध कसा दडून राहिला तेही सांगायला हवं. १९२० च्या दशकात जपानमध्ये वासाबुरो ओइशी हे हवामानशास्त्रज्ञ तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून वरच्या वाऱ्याचा वेग मोजत होते. आकडे थक्क करणारे होते. जगभरच्या लोकांना वाचता यावं म्हणून त्यांनी १९२६ चा आपला अहवाल एस्पेरांतो या नव्याने रचलेल्या भाषेत छापला. ती भाषा वाचणारे फार थोडे, त्यामुळे जपानबाहेर त्याकडे जवळजवळ कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या बॉम्बफेकी विमानांची गाठ या वाऱ्याशी पडली तेव्हा कुठे जगाला त्याची खरी जाणीव झाली. स्वतःच्या भाषेबाहेर पोचायची इतकी तळमळ असलेल्या माणसाचं काम असं पडून राहावं, याचं मला अजून वाईट वाटतं.

या वाऱ्याची ताकद बघायची तर ८–९ फेब्रुवारी २०२० ची रात्र बघा. किआरा वादळामुळे अटलांटिकवर जेट स्ट्रीम भलताच जोरात होता. न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं एक विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याला सहा तासांहून जास्त लागतात. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. हवेच्या मानाने मात्र ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं, म्हणून आवाजाची भिंत वगैरे काही फुटली नाही.

जाताना तोटा, येताना तेवढाच फायदा: हिशेब बरोबरीचा ना?

नाही. आणि हे मावशीला कागदावर मांडून दाखवावं लागलं. सोपे आकडे घेऊ: अंतर १२,६००, विमानाचा वेग ९००, वारा १००. वारा नसता तर जाऊन-येऊन २८ तास. आता जाताना वेग ८००, म्हणजे पावणेसोळा तास. येताना वेग १,०००, म्हणजे १२ तास ३६ मिनिटं. बेरीज २८ तास २१ मिनिटं. जाताना पावणेदोन तास गेले, येताना १ तास २४ मिनिटंच परत मिळाली. कारण साधं आहे: उलटा वारा तुम्हाला जास्त वेळ छळतो, सुलटा वारा थोडाच वेळ साथ देतो.

त्यामुळे विमान कंपन्यांची माणसं रोज निघण्याआधी वाऱ्याचा ताजा नकाशा घेऊन त्या दिवसाची वाट आखतात. जाताना वारा चुकवायचा, येताना त्यात शिरायचं. यातूनच लांबची वाट कमी वेळात संपते असंही घडतं. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी जाताना-येताना अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ पासून जाताना ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेलं जाऊ लागलं. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटरच्या आसपास गेली, पण वारा पाठीशी आल्यामुळे प्रवास साधारण दोन तासांनी कमी झाला. परतताना पुन्हा अटलांटिकवरून, म्हणजे तेव्हाही वारा पाठीशीच. जाऊन-येऊन पृथ्वीची पूर्ण प्रदक्षिणा.

पृथ्वी फिरते, त्याचं काय?

हा प्रश्न हुशार आहे, आणि तो विचारणाऱ्याला गप्प बसवू नये. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मुंबई जिथे आहे तिथली जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला चालली आहे. मग विमानाने नुसतं वर जाऊन थांबावं, खालून न्यूयॉर्क येईल तेव्हा उतरावं!

पण विमानाखालची जमीनच फिरते असं नाही, भोवतीची हवाही तिच्याबरोबर फिरते, आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही आधीपासून त्याच वेगात असतं. धावत्या लोकलमध्ये बसून नाणं वर उडवा. ते तुमच्याच तळहातावर पडतं, मागच्या डब्यात जात नाही. नाणं, हात, डब्यातली हवा, सगळं एकत्रच पुढे चाललेलं असतं.

तरी पृथ्वीचं फिरणं या गोष्टीतून पूर्ण वजा होत नाही. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली हवा पूर्वेला वळते ती या फिरण्यामुळेच, आणि त्यातूनच जेट स्ट्रीमला त्याची दिशा मिळते. म्हणजे मावशीचे येतानाचे दोन तास वाचवण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आहे, फक्त तो वाऱ्याच्या हातून मिळतो.

बांधावरची वाट बंद होते तेव्हा

आता पाकिस्तानने आकाश बंद केल्याच्या बातमीकडे. आकाश सगळ्यांचं, असं आपण म्हणतो, पण कायद्याने तसं नाही. १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे की आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाचा संपूर्ण आणि एकट्याचा अधिकार आहे. दुसऱ्याच्या आकाशातून जायला परवानगी लागते आणि बहुतेक ठिकाणी शुल्कही. गावात शेजाऱ्याच्या बांधावरून वहिवाटीची पाऊलवाट असते. भांडण झालं आणि त्याने काटे टाकून ती बंद केली की अख्ख्या शिवाराला वळसा घालून जावं लागतं. घर तिथेच, शेतही तिथेच, तरी वाट मैलभर वाढते.

दोरा ताणलेल्या त्या वाटेत कच्छनंतर लगेच सिंध लागतं. ते बंद झाल्यावर मुंबईचं विमान समुद्रावरून ओमान किंवा आखाताकडे वळून पुढे जाऊ शकतं, त्यामुळे मुंबईचा वळसा त्यामानाने बेताचा असतो. खरा फटका दिल्लीला. दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला आधी खाली राजस्थान-गुजरातवरून अरबी समुद्रात यावं लागतं आणि मग वर चढावं लागतं. २०१९ मध्ये २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत हेच झालं होतं, आणि २ जुलैपर्यंतच एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा भार पडला, असं तेव्हा सरकारने राज्यसभेत सांगितलं. जून २०२५ मध्ये काही दिवस इराणचं आकाशही बंद झालं, तेव्हा वळशाला आणखी वळसा लागला.

ही बंदी प्रत्येकाला वेगळी असते. २०२२ पासून युरोपच्या आणि अमेरिकेच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, भारतीय कंपन्यांना ते खुलं आहे. म्हणून एकाच शहरातून एकाच शहराला जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या विमानांचे तास वेगळे दिसतात. त्यात कुणाचं विमान हळू नसतं.

मग सरळ हिमालयावरून का जात नाहीत?

विमान एव्हरेस्टहून उंच उडतं, तेव्हा अडचण उंचीची नाही. अडचण श्वासाची आहे. उडत्या विमानात आतली हवा दाबून भरलेली असते. काही बिघाड होऊन ती निघून गेली तर वरून मास्क खाली येतात, पण प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू साधारण १२ ते २० मिनिटं पुरतो. तेवढ्यात वैमानिकाला विमान सुमारे तीन किलोमीटर उंचीवर आणावं लागतं, जिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. तिबेटचं पठारच मुळी साडेचार किलोमीटर उंच आहे, आणि ते संपता संपत नाही. खाली यायला जागा नाही. आणीबाणीत उतरता येतील असे विमानतळही तिथे मोजकेच. खास तयारी केलेली विमानं तिथून जातात, पण रोजची वाट म्हणून ती सोपी नाही.

वळसा तासाभराचा, मग विमान वाटेत थांबतं कशाला?

गाडीत आपण पाच लिटर पेट्रोल जास्त भरतो आणि विसरून जातो. विमानाचं तसं नसतं. बोइंग ७७७ च्या लांब पल्ल्याच्या ३००ईआर जातीच्या विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन सुमारे ३५१ टन, आणि टाक्या पूर्ण भरल्या तर त्यात सुमारे १४५ टन निव्वळ इंधन. इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं: ढोबळ मानाने, जास्तीच्या वजनाच्या तीन-चार टक्के दर तासाला. पंधरा तासांच्या प्रवासात जास्तीच्या एका टनाचा मोठा हिस्सा स्वतःला वाहण्यातच संपतो.

टाकी आणि वजन यांची मर्यादा गाठली की दोनच उपाय उरतात. माणसं आणि सामान कमी घ्यायचं, नाहीतर मध्ये उतरायचं. २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेची काही विमानं व्हिएन्नाला थांबू लागली ती यामुळे, आणि उतरणं, इंधन भरणं, पुन्हा चढणं यात तासाभराचा वळसा दोन-तीन तासांचा होतो. एअर इंडियाने तर दिल्ली–वॉशिंग्टन विमान १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवलंच.

तिकिटावरचे तास आणि हवेतले तास

तिकिटावरचा वेळ चाकं जमिनीवरून उचलल्यापासून धरत नाहीत. उभ्या एसटीच्या चाकाखाली घाटात दगड लावतात, तसे उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढल्यापासून पलीकडे पुन्हा लावेपर्यंतचा वेळ तिकिटावर असतो, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, रांगेत थांबणं, उतरून फाटकापर्यंत जाणं हे सगळं आलं. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिथली रांग आपण सगळ्यांनी खिडकीतून पाहिलेली आहे. उशीर होणार हे धरून कंपन्या वेळापत्रकात थोडी भरही घालतात. ‘वेळेआधी वीस मिनिटं पोचलो’ असं वैमानिक सांगतो तेव्हा बहुतेकदा ती भर वापरावी लागलेली नसते, किंवा वाऱ्याने साथ दिलेली असते.

दोन घड्याळं

मावशीच्या तिकिटावर सगळ्यात चकवणारी गोष्ट मात्र वेगळीच होती. विमान मुंबईहून रात्री दीडला निघालं, त्याच दिवशी सकाळी आठला न्यूयॉर्कला पोचलं. साडेसहा तास! येताना दुपारी बाराला निघालं, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबई. साडेतेवीस तास!

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा, कारण ते लोक मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. हे लक्षात ठेवायचं नसेल तर एक युक्ती आहे. जाताना-येतानाचे घड्याळातले दोन्ही फरक सरळ मिळवा: साडेसहा आणि साडेतेवीस, तीस तास. एकीकडे घड्याळाने जेवढं खाल्लं तेवढंच दुसरीकडे परत दिलं, त्यामुळे बेरजेत फक्त खरा प्रवास उरतो. निम्मे केले की पंधरा, हा एका बाजूचा सरासरी वेळ. मधल्या काळात तिकडचं घड्याळ बदललं असेल तरच या बेरजेत एका तासाचा फरक येतो.

मावशीने ही बेरीज बोर्डिंग पासच्या पाठीवर, तिच्या तीन प्रश्नांखाली लिहून घेतली. मग तिने चौथा प्रश्न विचारला: पुढच्या वेळी इकडे तुम्ही फोनची वाट कधीपासून बघायची? हिवाळ्यात निघालीस तर रात्री दीडमध्ये सोळा-सतरा तास मिळवायचे, म्हणजे आपल्याकडची संध्याकाळची साडेपाच-साडेसहा. पुढे पासपोर्टची रांग आणि सामानाचा पट्टा यांचा दीड तास. आठपर्यंत फोन आला नाही तरी घरात कुणी काळजी करायची नाही.